ओला दरवाजा

एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी घरची जुनी जीप स्वतःच्या हाताने रंगवायचे मनावर घेतले. हे गडहिंग्लजचे गुरुनाथअण्णा. त्यांची कन्या केतकी पशुवैद्यक झाली होती. चंदगडच्या डोंगराळ भागात तिची पहिली नेमणूक होती आणि पंधरा दिवसांनी हीच जीप चालवत तिला रुजू व्हायचे होते. फवाऱ्याने रंग मारून देणाऱ्या गॅरेजवाल्याने दोन महिन्यांचा वायदा सांगितला, तेव्हा बापलेकीने अंगणातच ब्रश आणि रोलरने काम करायचे ठरवले.

गल्लीच्या टोकाला दस्तगीर मिस्त्री राहत. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी त्यांनी शेकडो ट्रक नुसत्या ब्रशने रंगवले होते. त्यांनी सारी रीत सांगितली. जुना रंग पॉलिश पेपरने घासायचा, धूळ उडू नये म्हणून अंगणात पाणी शिंपडायचे, रंग पातळ करायचा, रोलरने लावला की लगेच वरून मऊ ब्रश अलगद फिरवायचा.

पहिल्या दिवशी केतकीने एक दरवाजा रंगवला. अण्णा जवळ आले आणि डोळे बारीक करून पाहू लागले. चाळीस वर्षे वह्या तपासलेली नजर ती!

"इथं रेघा दिसतायत," असे म्हणत त्यांनी पुन्हा ब्रश फिरवला. रेघा वाढल्या. त्यांनी आणखी एकदा फिरवला. तोवर रंग आळू लागला होता. तो ब्रशाला ओढला गेला आणि दरवाजावर नांगरटीसारख्या सऱ्या उमटल्या. वाळल्यावर सगळे घासून पुन्हा रंगवावे लागले. दुसऱ्या वेळीही तेच झाले. तिसऱ्या वेळीही अण्णांचा ब्रश फिरला, तेव्हा मात्र केतकीने रोलर खाली ठेवला.

"अण्णा, मी केलेलं एकदा तरी तसंच राहू द्याल का? नाहीतर राहू दे ही जीप. मी जाते चंदगडला एसटीनं."

अण्णा तडक मिस्त्रींकडे गेले.

दरवाजा वाळून, घासून झाल्यावर एका सकाळी मिस्त्री स्वतः आले. त्यांच्यासमोर केतकीने रंग लावला. अण्णांचा हात आपोआप पुढे झाला. तोच मिस्त्रींनी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला, टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला आणि म्हणाले, "गुरुजी, चहा पाजा."

"अहो मिस्त्री, रेघा बघा! वाळल्या की कायमच्या राहतील."

"म्हणून तर चहा पाजा म्हणतोय. आणि चहा तुम्ही करायचा."

अण्णांनी जन्मात चहा केला नव्हता. जीव अंगणात अडकलेला, त्यामुळे साखर दोनदा पडली आणि अर्धा चहा उतू गेला. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. बाहेर डोकावायलाही वाट नव्हती.

अर्ध्या तासाने दोघे बाहेर आले. दरवाजावर एकही रेघ नव्हती. समोरचा शेवगा त्यात शेंगांसकट दिसत होता.

"रेघा कुठं गेल्या? केतकी, तू काही केलंस?"

"हातसुद्धा लावला नाही, अण्णा!"

मिस्त्री मिशीत हसले. "गुरुजी, ब्रश म्हटला की रेघ उमटणारच. पण ओला रंग स्वतःच्या अंगानं पसरतो आणि आपली पातळी आपण धरतो. त्याला तेवढी सवड द्यावी लागते. नेमकं त्याच वेळी आपण सुधारायला जातो, आणि मिटू घातलेली रेघ आपल्याच हातानं पक्की होते. ब्रश कसा मारायचा हे मी दोन महिन्यांत शिकलो. कधी उचलायचा, हे शिकायला दहा वर्षं लागली."

अण्णांनी दरवाजाकडे पाहिले, मग नाकाच्या शेंड्यावर रंग लागलेल्या लेकीकडे.

"बॉनेट तू एकटीच कर," ते म्हणाले. "मी पोहे करतो."

"तुम्ही? पोहे?"

"बिघडले तर बिघडू देत. पण तू आत यायचं नाहीस, आणि शिकवायचं तर मुळीच नाही!"

केतकी एवढी हसली की रोलरमधला रंग तिच्याच पायावर ठिबकला. पोहे खारट झाले. तिघांनी ते चवीने संपवले.

निघायच्या दिवशी सारी गल्ली जीप पाहायला जमली. फाटकातून गाडी मागे काढताना केतकीचा अंदाज चुकला. ती थांबली, पुन्हा पुढे आली. 'डावीकडे घे' हे शब्द अण्णांच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. दुसऱ्यांदाही जमले नाही. तिसऱ्यांदा जीप झोकात रस्त्यावर आली, तेव्हा मागचे हात सोडून टाळ्या वाजवणारे पहिले गृहस्थ अण्णाच होते.