घोंगडीखाली बघितलेलं पाणी

“आणि उजळलं नाही तर?” रेवणबाबांनी विचारलं.

“तर पाणी चांगलं. पण उजळेल, बाबा! उजळायलाच पाहिजे!” सुकन्या म्हणाली.

बाबा हसले. लहानपणी मठात पाढे शिकायला यायची तेव्हाही पोरगी अशीच. उत्तर आलं की उड्या. आता शहरात रसायनशास्त्राची मोठी संशोधक झाली होती, पण उड्या काही थांबल्या नव्हत्या.

तिच्याजवळ एक इवलीशी बाटली होती. त्यात इरिडियम नावाच्या धातूपासून तिने स्वतः बनवलेलं संयुग. त्याचा थेंब पाण्यात टाकायचा, अंधारात जांभळी टॉर्च मारायची. पाण्यात पारा असेल तर पाणी हिरवंगार उजळणार. नसेल तर अंधारच.

“धातू पकडायला धातूच लावलास होय?”

“हो! आणि माझा थेंब चुकत नाही. मीठ घाला, लोखंड घाला, तांबं घाला, ढिम्म हलत नाही. ओळखतो तो फक्त पाऱ्याला. जगात असा दुसरा...”

“जगात!” बाबांनी भुवया उडवल्या.

ती लाजली. पण जराशीच.

खरं तर तिचा जीव टांगणीला लागला होता. गावोगावच्या विहिरी पालथ्या घालून झाल्या, कुठे म्हणून काही उजळलं नव्हतं. खऱ्या पाण्यात एकदा तरी उजळून दाखव, नाहीतर विषय बंद, असं प्रयोगशाळेतल्या तिच्या मॅडमनी बजावलं होतं. मठामागच्या डोंगरापलीकडे पूर्वी जुन्या ट्यूबलाइट फोडायचा धंदा चालायचा. त्यातला पारा झिरपत झिरपत मठाच्या हापशाला उतरला असणार, यावर तिची सगळी भिस्त होती.

मठात आज भंडारा होता. हापशावर बायकांची ही झुंबड! लापशीसाठी आधण ठेवायचं होतं, पोरं ओंजळी लावून घटाघटा पीत होती. सुकन्याने मध्येच घुसून काचेच्या तीन नळ्या भरून आणल्या होत्या.

“एवढ्या भरू द्या ना, मावशी!”

“भर बाई, भर. तहान लागली असेल,” मावशी म्हणाल्या होत्या.

आता भर दुपारी अंधार आणायचा कुठून? बाबांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली.

“आत काय चाललंय हो?” बाहेरून कुणीतरी विचारलं.

“थांबा जरा!” सुकन्या ओरडली.

थेंब टाकला. टॉर्च लावली.

काही नाही...

आणि मग नळीच्या तळाशी हिरवं काहीतरी हललं. बघता बघता ते नळीभर झालं.

“उजळलं! बाबा, उजळलं!”

“अरे वा... काय देखणं आहे गं!” बाबांच्याही तोंडून निघालं. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे पारा आहे?”

“शंभर टक्के! पैजेवर सांगते!”

बाबा घोंगडीतून बाहेर पडले. तिला त्याचं भानच नव्हतं. तिने दुसऱ्या नळीत थेंब टाकला, तीही उजळली. तिने फोटो काढले. मॅडमना फोन लावला. “मॅडम, सापडला! खऱ्या पाण्यात! अहो, रडत नाहीये मी!” रडतच होती. तिसरी नळी तर अशी झळाळली की ती एकटीच घोंगडीखाली टाळ्या पिटायला लागली.

हे बाबांना दाखवायलाच हवं. ती घोंगडी फेकून धावत सुटली.

हापशावर गलका चालला होता. बाबांनी डोक्यावरचा फेटा सोडून हापशाच्या दांड्याला करकचून बांधला होता आणि हापशाच्या तोंडाला पाठ लावून ते फतकल मारून बसले होते. भरलेले हंडे त्यांनी मातीत ओतून दिले होते. ओल्या हनुवटीची पोरं भोवती गोळा झाली होती.

“बाबा, उठा की! आधण खोळंबलंय!” बायका कावल्या होत्या.

“बाबा, इथे काय बसलात? तिसरी बघा, तिसरी तर...”

मावशी रिकामा हंडा कमरेवर घेऊन तिच्याकडे वळल्या. “काय गं, काय झालंय पाण्याला?”

सुकन्याने पोरांच्या ओल्या हनुवट्यांकडे बघितलं. हातातली नळी तशीच राहिली.

बाबा जागचे हलले नाहीत.

“बघ पोरी, डोळे भरून बघ,” ते म्हणाले. “तुझं बघून झालं की सांग यांना. तोवर मी बसतो.”