कळस नसलेली सुळकाई

पायऱ्या चढून आलात, आता इथं दीपमाळेपाशी जरा टेका आणि वर बघा. सुळकाईचं देऊळ केवढं दांडगं आहे! काळ्या दगडाचे खांब, ऐसपैस सभामंडप, गाभाऱ्याच्या भिंती हातभर रुंद. पण डोकं बोडकं. शिखर नाही, कळस नाही. नवखा माणूस हमखास विचारतो, पैसा संपला काय हो बांधताना? आणि आता मागं वळून दरवाजाकडे बघा. कमानीवरचा तो नगारखाना. घडीव दगड, भार पेलणारे नक्षीदार तोडे, वर पक्कं छत. देवीच्या डोक्यावर काही नाही आणि वाजंत्र्याच्या डोक्यावर असं काम, हे मुलखात कुठं बघायला मिळायचं नाही. असं का झालं, त्याची गोष्ट गावातले जाणते सांगत आलेत. आम्ही ऐकली तशी सांगतो.

फार पूर्वी ही कमान नव्हती. देवळाभोवती नुसता तट होता आणि त्या तटावर उभं राहून सकाळ-संध्याकाळ दोघं बापलेक वाजवायचे. लेकाचं नाव येसबा, तो सनई वाजवायचा. बाप सुभाना, तो सूर धरायचा. सूर म्हणजे एकच स्वर, सनईच्या पाठीशी अखंड लावून ठेवायचा. ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे जात नाही, पण तो तुटला की सनई पोरकी होते. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि स्वर हलू द्यायचा नाही. छाती फाटायची वेळ येते. पिढ्यान् पिढ्या हेच त्यांचं काम. घर वेशीबाहेर, आणि सभामंडपात पाय ठेवायची मुभा नाही. ज्या देवीला त्यांनी रोज उठवलं आणि रोज निजवलं, तिचं तोंड त्यांनी जवळून पाहिलेलं नव्हतं, असं सांगतात.

येसबाची सनई अशी होती म्हणे, की पाण्याला निघालेल्या बाया वाटेत थबकायच्या. हैबती पाटील तर ऐकता ऐकता उपरण्यानं डोळे पुसायचा. डोळे पुसायचा आणि जेवायला घरी जायचा. तटावरच्या माणसांच्या पोटात काय आहे, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही.

आणि वर शहाणपण किती! ज्याला साधी पिपाणी वाजवता येत नाही तोही येऊन सांगायचा, "येसबा, आज जरा लवकर आटपलंस." दुसरा म्हणायचा, "फुंकायचं तर आहे, त्यात कसला आलाय शीण?" लग्नात पहाटेपासून वरात संपेपर्यंत वाजवायचं आणि सगळ्या पंगती उठल्यावर गोठ्यापाशी पत्रावळ मिळायची, तीही भात गार झाल्यावर. कुणी काही मागितलं तर गावाचं उत्तर ठरलेलं, "तुझ्या बोटांत देवीनं एवढी कळा दिलीय, तुला रं कशाची ददात?"

येसबाचं मागणं एकच होतं. तटावर चार खांब आणि वर छप्पर. उन्हाचं सोसत होतं, पण पावसाळ्यात सनईची पाती भिजून फुगायची, सूर बसायचा आणि सुभानाचा खोकला उठायचा. दर साली तो पाटलाकडं जायचा, वाड्याबाहेर उभा राहायचा आणि सांगायचा. पाटील म्हणायचा, "कळस झाला की बघू."

कळसाचं काम म्हणजे गावाचा मोठा हट्ट. शेजारच्या गावापेक्षा उंच शिखर व्हायला पाहिजे होतं. खाणीतून दगड येत होता, पाथरवट घडवत होते, पटांगणात घडीव चिऱ्यांची रास वाढत होती. येसबा त्या राशीकडं बघत तटावर चढायचा. त्यातले चार चिरे इकडं लावले असते तर देवीचं काय उणं पडलं असतं, हे त्याला कधी कळलं नाही. त्यानं मैपत गुरवालाही विचारून पाहिलं. गुरव म्हणाला, "देवीच्या दारात वाजवायला मिळतंय, याहून आणि काय पायजे तुला?"

हे ऐकून ऐकून येसबाचे कान किटले होते. घरी येऊन तो बायकोला म्हणायचा, "गोजरा, ह्यांस्नी माझी सनई ऐकू येती. मी बोलल्यालं तेवढं ऐकू येत न्हाई."

शेवटी शिखराचा पहिला चिरा बसवायचा दिवस आला. मांडव पडला, पंचक्रोशीतून माणसं आली. सुभानाच्या अंगात कणकण होती. येसबानं पाटलाला सांगितलं, आज बापाला सोडा. पाटील म्हणाला, "अरे, एवढा मोठा सोहळा आणि सूर नको? आजचा दिवस काढा, उद्यापासून विश्रांतीच घ्या."

मुहूर्ताला तोंड लागलं आणि अवकाळी पाऊस कोसळला. माणसं मांडवात दाटीवाटीनं शिरली. तटावर दोघंच राहिले. येसबानं सनई खाली घेतली, तर पाटलानं मांडवातून हात हलवून खूण केली: थांबू नका, मंत्र चाललेत. येसबानं बापाकडं बघितलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले होते, पाणी मिशांवरून निथळत होतं, पण सूर लागलेला होता. त्या सुराला सोडून खाली उतरायची येसबाची छाती झाली नाही. त्यानं सनई पुन्हा ओठाला लावली. चिरा बसला, गुलाल उडाला. मांडवातून कुणी तरी ओरडलं, "शाब्बास म्हातारबा!"

त्याच दुखण्यात सुभाना गेला.

माणसं आली, नाही कशाला म्हणावं. वेशीबाहेर उभी राहिली आणि एकामागून एक हेच बोलली, की भाग्यवान हो, सेवा करता करता गेला, असं मरण कुणाला येतं? येसबा खाली मान घालून ऐकत होता. बापाची राख अजून निवली नव्हती, तोवर गुरवाचा निरोप आला की दुःख आहे खरं, पण सांजेचं वाजवणं चुकवू नये, देवीची सेवा खंडायला नको.

तेव्हा येसबा उठला. त्यानं आपली सनई आणि बापाची सूरसनई फडक्यात गुंडाळली आणि देवळात आला. तटावर चढला नाही, सरळ सभामंडपात शिरला. त्याचा चेहरा बघून कुणाला अडवायचं सुचलं नाही. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर त्यानं दोन्ही वाद्यं ठेवली. जन्मात पहिल्यांदा त्यानं देवीचं तोंड पाहिलं. म्हणाला, "आई, ह्यांस्नी सांगून सांगून मी दमलो. आता तूच सांग. तू सांगत न्हाईस तवर माझ्या हातनं सूर निघायचा न्हाई." एवढं बोलून तो घरी गेला.

गुरव चिडला. वाजंत्री नाही तर नाही, म्हणत त्यानं आरतीला घंटेची साखळी ओढली. घंटेचा लोलक हलला, पण आवाज आला नाही. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. शंख फुंकला तर नुसती हवा. ताशावर टिपरी मारली तर भरल्या पोत्यावर मारल्यासारखं झालं. टाळ टाळावर आपटले आणि मुके राहिले. माणसांचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं, बाकी नादाचा कण नव्हता, असं सांगतात.

आता एवढं झाल्यावर तरी समजावं की नाही? पण गाव ते गावच. घंटा जुनी झाली म्हणून तांबट बोलावला. त्यानं ती उतरवून तटाबाहेर नेली आणि ठोकली, तर खणखणीत वाजली. परत आत टांगली, तर मुकी. मग गावानं दूरच्या मुलखातून नावाजलेला सनईवाला आणला. त्याला पाटलाच्या सोप्यात उतरवलं, पुरणपोळी वाढली, वरून तुपाची धार. गोजरानं हे ऐकलं आणि ती हसली म्हणे, पण ते हसू बघवत नव्हतं. त्या पाहुण्यानं तटावर चढून सनई लावली. गाल फुगले, डोळे तांबारले, नळीतून वाराच बाहेर आला. तो हात जोडून खाली उतरला आणि माघारी न बघता गेला.

चैत्रातली जत्रा तोंडावर आली. वाजल्याशिवाय पालखी उठत नाही, ही आमची रीत. गाव हादरलं. पाटील, गुरव आणि चार वडीलधारे येसबाच्या झोपडीपाशी गेले.

"येसबा, रुसवा सोड," पाटील म्हणाला. "तुला भर जत्रेत पागोटं बांधतो."

"बांधा. वल्लं झालं की वाळत घालीन."

"पहिला नारळ तुझ्या मानाचा."

"पाटील, नारळ किती खाऊ?" येसबा म्हणाला. "आन् मी रुसलोय असं कोण म्हणतंय? तुमी इचारा तिला. तिनं हो म्हटलं, की मी आलोच."

मग गाभाऱ्यात कौल लावला. देवीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवायची आणि साकडं घालायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पाटलानं साकडं घातलं, आई, तुला सोन्याचा कळस करतो. डावं पडलं. येसबाच्या हातात चांदीचं कडं घालतो. डावंच. गुरव म्हणाला, सुभानाचा आत्मा तळमळत असेल, त्याचं काही करा. तेव्हा पाटलाला मोठी कल्पना सुचली. तो म्हणाला, "आई, शिखराच्या दगडांतून सुभानाची समाधी बांधतो. वर घडीव छत्री करतो, पाऊस लागू देत न्हाई." आता फूल डावंही पडेना आणि उजवंही. देवीनं जणू तोंडच फिरवलं.

तटाबाहेर बायामाणसांत गोजरा उभी होती. आतला शब्द न् शब्द तिच्या कानी येत होता. तिच्यानं राहवलं नाही.

"मेल्यावर छत्री व्हय?" ती ओरडली. "जित्तेपणी खोकत हुता, तवा कुटं गेली हुती तुमची छत्री? आता त्येला पाऊस लागायचा न्हाई. माझ्या घरधन्याला लागंल!"

पाटलाची म्हातारी आई, ठकूआई, मंडपात खांबाला टेकून बसली होती. ती काठी टेकत उठली आणि लेकापुढं जाऊन उभी राहिली. "हैबती," ती म्हणाली, "त्या पोरीनं मागितलं तेच देवीला इचार. तुझ्या डोक्यातलं आणिक काय बी घालू नगंस."

पाटलानं मान खाली घातली. "आई, कळसाचे चिरे वाजंत्र्यांच्या डोक्यावर घालतो," तो हळूच म्हणाला.

शब्द पुरा व्हायच्या आत उजव्या अंगाची सगळी फुलं एकदम खाली आली, असं सांगतात.

गुरव कुरकुरला, "मग देवीचं डोकं उघडंच राहायचं की!" ठकूआई म्हणाली, "ती डोंगराची हाय. तिला पावसाचं भ्या न्हाई."

मग काय, सारं गाव रातंदिवस कामाला लागलं. बसवलेला चिरासुद्धा उतरवला. तट फोडून कमान घेतली आणि कमानीवर नगारखाना उभा केला. नुसता वाजवायला नव्हे, राहायलाही. मागं दोन खोल्या आणि चूल. देवीकडं जाणारा प्रत्येक जण, मग तो पाटील असो की गुरव, वाजंत्र्याच्या उंबऱ्याखालून वाकून जाणार, हेही त्यातच आलं.

जत्रेच्या सकाळी पालखी सजली. येसबा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरची वाद्यं घेऊन वर चढला. खाली माणूस मावत नव्हतं. वाट बघून बघून पाटलाचा धीर सुटला. तो खालून ओरडला, "येसबा, उन्हं चढली! वाजव की आता!"

येसबानं झरोक्यातून डोकं काढलं. "गोजरा भाकरी करतीय. खाऊन वाजवतो."

पाटलानं तोंड उघडलं. ठकूआईनं काठी आपटली. पाटलानं तोंड मिटलं.

सारं गाव देवीसकट उन्हात उभं राहिलं. वर दोघांनी भाकरी खाल्ली, पाणी प्यायले. मग येसबानं सनई हातात घेतली आणि थांबला. सूर धरायला बाप नव्हता. गोजरानं सासऱ्याची सूरसनई उचलली. ती कधी शिकली, कुणी शिकवलं, हे कुणाला ठाऊक नाही. पण तिनं डोळे मिटून जो सूर लावला, तो जराही हलला नाही. त्यावर येसबाची सनई चढली आणि गाभाऱ्यातली घंटा कुणी हात न लावता वाजायला लागली. पाटलानं उपरण्यानं डोळे पुसले. आणि वाजवणं संपल्याबरोबर वर बघून म्हणाला, "थोडक्यात आटपलं का रं?"

माणूस बदलतो, असं आम्ही कधी म्हटलेलं नाही.

कळस चढवायचा विचार नंतरही कितीदा झाला. देणगीदार आले, नकाशे आले. कौल लावला की फूल डावं पडतं. आजही जत्रेच्या सकाळी खांद्यावर पालखी घेऊन भोई कमानीपुढं उभे राहतात. पाटलाच्या घराण्यातला वडीलधारा वर तोंड करून विचारतो, "झाली का भाकरी?" लांबून आलेले पाहुणे घड्याळ बघतात, वैतागतात, गाड्या उन्हात तापल्यात म्हणून आमच्यावरच डाफरतात. वरून वाजंत्र्यांच्या घरातली बाई सावकाश उत्तर देते, "आजून एक व्हायचीय." आणि सुळकाई खाली उन्हात थांबते.