लोड म्हणजे ओझे नव्हे

एकदा एका गावच्या पेठेत एक वृद्ध कारागीर राहत असे. गिटारवादकांचे जुने, व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. काचेच्या नळ्या तापून आतून लालसर उजळणारी ती यंत्रे आता थोड्यांकडेच उरली आहेत; पण ज्यांच्याकडे आहेत ते त्यांना जीव लावतात आणि बिघडली की या म्हाताऱ्याचे दार गाठतात. सारे त्याला वस्ताद म्हणत. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. लग्न झालेला, कामाला चोख आणि बोलायला अगदी कमी.

त्या वर्षी शिष्याच्या घरी पाळणा हलायचा होता. तो हलला नाही. मुलगी जन्मली ती श्वास न घेताच. शिष्य थोडे दिवस घरी राहिला आणि कामावर परतला. घरी बायकोसमोर त्याने त्या गोष्टीचा उच्चारही केला नाही. तिची जखम ओली आहे, आपण बोललो तर तिला आणखी दुखेल, असे त्याला वाटे. ती रडू लागली की तो पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवी आणि अंगणात निघून जाई.

अखेर एका सकाळी ती म्हणाली, "मी आज दुपारच्या गाडीने माहेरी जाते. परत यायचं अजून काही ठरवलं नाही."

शिष्य म्हणाला, "बरं." आणि कामावर आला.

एका वादकाचा अँप्लिफायर दुरुस्त होऊन टेबलावर होता. वाजवून तपासायचे तेवढे राहिले होते. वस्ताद बाजारात गेला होता आणि त्याची बायको, जिला शिष्य काकू म्हणे, तापाने आतल्या खोलीत पडून होती. आवाज झाला तर काकूंची झोप मोडेल, असे शिष्याच्या मनात आले. त्याने स्पीकरची वायर काढली, यंत्राला गिटार जोडून ते सुरू केले आणि नुसत्या मीटरवर नजर ठेवून तारा छेडू लागला. धंद्यात स्पीकरला लोड म्हणतात. शिष्याला वाटले, लोड काढला म्हणजे यंत्राचाही भार हलका होईल.

थोड्या वेळाने आत 'चट्' झाले. जळक्या वार्निशचा वास सुटला. जो ट्रान्सफॉर्मर सगळा जोर स्पीकरकडे पोहोचवतो, तोच जळाला होता.

वस्तादला दारातच वास आला. "स्पीकर काढला होतास?"

"काकूंना झोप लागली होती. म्हटलं, आवाज नको."

आतून काकू बोलल्या, "कुठली रे झोप? यांची टणटण ऐकतच म्हातारी झाले मी. आज सगळं चिडीचूप, तर दचकून जागी झाले. म्हटलं, दोघंही मला टाकून पळाले की काय!"

वस्ताद हसला. एक शब्दही रागाचा न बोलता त्याने फळीवरून स्वतः तार गुंडाळून बनवलेला ट्रान्सफॉर्मर काढला आणि जळालेल्याच्या जागी बसवला. मग स्पीकरची वायर जिथे जोडतात तिथे, दोन टोकांच्या मधे, त्याने एक लहानसा रेझिस्टन्स कथलाचा डाग देऊन जोडला.

शिष्य कोड्यात पडला. "वस्ताद, स्पीकर लावला की याच्यातून जवळजवळ काहीच जाणार नाही. मग हा करणार काय?"

"काही नाही. बसून राहील."

"मग लावायचा कशाला?"

वस्तादने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तू तार छेडलीस की जोर या लोखंडात साठतो. स्पीकर असला की तो बाहेर पडून सूर होतो. स्पीकर काढला म्हणून जोर नाहीसा होत नाही, बाबा. वाट मिळाली नाही की तो उलटा फिरतो, कितीतरी पटींनी चढतो आणि तारेवरचं वार्निश फोडून जातो. बाहेर मात्र सगळं शांत. हा रेझिस्टन्स म्हणजे अडल्या वेळची बोळ. पण बोळ ती बोळच. खरा रस्ता स्पीकर."

"मला वाटलं, लोड काढला तर ओझं उतरेल."

"तू इंग्रजी लोड धरलास. मला इंग्रजी कुठलं यायला? लोड म्हटल्यावर मला बैठकीतला लोड आठवला, पाठ टेकायचा. तोच अर्थ धरून आजवर काम केलं. या यंत्राला टेकायला काहीतरी लागतंच."

"शिकवणी पुरे झाली," काकू भिंतीचा आधार घेत दारात आल्या. "सकाळी तुझी बायको मागच्या दारानं येऊन माझा निरोप घेऊन गेली रे. म्हणाली, यांना काही वाटतच नाही, काकू. दगडाशी किती दिवस संसार करू?"

शिष्याच्या हातातला पेचकस तसाच राहिला. "मला वाटत नाही? तिचंच तिला सोसवत नाही, काकू. त्यात माझं ओझं तिच्यावर कुठं टाकू, म्हणून मी..."

वस्तादने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ओझं नव्हे रे. लोड. तिलाही टेकायला कुणी नाही. जा."

शिष्य घरी पोहोचला तेव्हा बायको पिशवीची चेन ओढत होती. काय बोलावे ते वाटभर जुळवले होते, ते सारे विसरले. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"केतकी म्हणणार होतो मी तिला," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "मला का नाही सांगितलंत?"

"मनात रोज हाक मारतो," एवढे त्याला कसेबसे बोलता आले, आणि मग त्याला जे रडू फुटले ते शेजारच्या घरात ऐकू जाईल असे. तिने ते नाव एकदा आपल्या तोंडाने उच्चारून पाहिले आणि त्याच्या खांद्यावर डोके टेकले. गाडीची वेळ टळून गेली, ते दोघांच्याही ध्यानात आले नाही.

घरातल्या माणसाला त्रास नको म्हणून आपण गप्प बसतो, तेव्हा ते माणूस आपल्या आवाजाची वाट तर पाहत नाही ना, एवढे एकदा पाहावे.