घाटावरच्या पेटीवरचा मोर

ही कथा मी गेल्या वर्षी, दुसऱ्या सत्राच्या पहिल्या सोमवारी, आमच्या विभागाच्या संगणक-कक्षाचे व्यवस्थापक श्री. यशवंत गद्रे यांच्याकडून ऐकली. त्या सकाळी एका सर्व्हरवर चालू असलेले आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकातला संगणक, ते बंद न करता, दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचे होते. दोन्हीकडे यंत्राच्या नमुन्याचे नाव एकच होते. तरीही ते हलले नाही. मी कारण विचारले. गद्रे म्हणाले, "हे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मूळ प्रकल्पवाल्यांनी एका नावाने एक माप दिलं. लिनक्स ही संगणकप्रणाली बांधून लोकांना पुरवणाऱ्यांनी त्याच नावाखाली थोडं वेगळं दिलं. बस जरा, सांगतो." पुढील मजकूर शक्य तितका त्यांच्याच क्रमाने दिला आहे.

फार पूर्वी, डोंगरांच्या एका मुलखात मधमाश्या पाळणारे लोक राहत. दरीतला एक सुतार त्यांच्यासाठी पेट्या करी. पेटीत लाकडी चौकटी टांगलेल्या असत आणि माश्या त्यांवर पोळे बांधत. पेटी जुनी झाली की मधपाळ भरल्या पोळ्यासकट चौकटी उचलून दुसऱ्या पेटीत टांगी. राणीमाशी अंडी घालत राही, कामकरी माश्या मध भरत राहत. घर बदलले तरी संसार थांबत नसे.

हे साधत असे, कारण सुताराचा एक नियम होता. प्रत्येक मापाला तो एक खूण देई आणि ती झाकणावर डागून उमटवी. एका मापाची खूण मोर होती. पुढे त्याला अधिक चांगले माप सुचले, तेव्हा त्याने मोराला हात लावला नाही. नव्या मापाला हरणाची खूण दिली.

घाटमाथ्यावर दुसरा एक सुतार होता. तो दरीतल्या मापाने पेट्या करून आपल्या लोकांना पुरवी. घाटावर वारा बोचरा. माश्या गारठू नयेत म्हणून त्याने पेटीच्या भिंती आतून किंचित जाड केल्या आणि त्यांत मावतील अशा किंचित आखूड चौकटी केल्या. हेतू चांगला होता. बाहेरून पेटी तशीच दिसे. झाकणावर त्याने मोरच डागला.

एकदा दरीतली एक विधवा मधपाळीण जांभळाचा फुलोरा गाठण्यासाठी आपली एकुलती पेटी पाठीवर घेऊन घाट चढली. त्या माश्यांवरच तिचे पोट होते. माथ्यावर पोहोचताच वाळवीने खाल्लेला पेटीचा तळ निसटला. तिने तातडीने घाटावरच्या सुताराकडून मोराची पेटी घेतली, जुनी पेटी उघडली आणि पहिली चौकट नव्या पेटीत सोडली.

चौकट तांदळाच्या दाण्याएवढ्या फरकाने अडकली. माश्या हवेत उधळल्या.

"दाबा की जरा, आक्का! लाकूड आहे, बसेल," सुतार म्हणाला.

"दाबू? आणि खाली राणी असली तर? तुमची बायको आत असताना दार दाबून लावता का हो?"

जमलेले मधपाळ हसले. सुताराने पटाशी उचलली. "मग कडा तासून देतो."

"आणि फुलोरा सरला की हिला दरीतल्या पेटीत कशी टांगू? आखूड झाली की तिथे ती खाली पडेल. दादा, मोर बघून पैसे मोजले मी. मोरात मोर बसत कसा नाही?"

"आमच्याकडे सगळ्यांच्या बसतात!"

"बसणारच. त्या तुम्हीच केल्यात."

सुताराने पटाशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "मोर नसेल तर लोक पेटी घेत नाहीत, आक्का."

चौकटी बांबूला टांगून ती वरून टोपली झाकत होती. बऱ्याच माश्या परत आल्या नाहीत.

सुतार ओशाळला. "चुकलं माझं. आजपासून सगळ्या पेट्या दरीच्याच मापाने करतो."

"वा रे शहाण्या!" मागून घाटावरचा एक म्हातारा मधपाळ ओरडला. "आणि आमच्या भरल्या चौकटी कुठे टांगायच्या? तुझ्या डोक्यावर? एकदा चूक केलीस, आता ती आमच्या घराघरांत नांदते आहे."

आता सुताराला निवड करायची होती. गप्प राहिला तर धंदा चालणार होता; माप दुरुस्त केले तर घाटावरची पोळी मरणार होती. त्याने तिसरा मार्ग घेतला. तो सर्वांत कष्टाचा होता. आधी त्याने विधवेचीच एक चौकट मापाला धरून खऱ्या मोराची पेटी केली. संध्याकाळपर्यंत चौकटी सहज आत गेल्या. राणी जिवंत होती. मध मात्र त्या हंगामात निम्माच निघाला. मग तो घाटावर घरोघर फिरला आणि आपल्या प्रत्येक जुन्या पेटीवर मोराखाली एक डोंगर डागला. डोंगराची खूण असलेले माप जोवर कोणाच्या घरी आहे, तोवर त्याच मापाच्या पेट्या करत राहण्याचे त्याने कबूल केले. निव्वळ मोर त्याने यापुढे दरीच्या मापाखेरीज कशावरही उमटवला नाही. काही गिऱ्हाइके तुटली. घाट चढून येणाऱ्या कोणाचीही चौकट त्यानंतर अडकली नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या नावाखाली आपला बदल लपवू नये, आणि लपवून झालाच असेल, तर जे त्याच्या आधारे जगत आहेत त्यांच्यासाठी तो आपल्या नावाने उघडपणे सांभाळावा.

एक भाग मला पडताळता आलेला नाही. पुढे दरीतल्या सुतारानेही डोंगराची खूण आपल्या मापांच्या फळीवर, जिथे सगळ्या खुणांची नोंद असे, कोरून घेतली, म्हणजे ती दुसऱ्या कोणत्याही मापाला दिली जाऊ नये, असे गद्रे यांनी सांगितले. ते कथेत मुळातच होते, की त्यांनी जोडले, हे मी नंतर विचारले. ते म्हणाले, "मूळ प्रकल्पवाल्यांना तशी विनंती पाठवली आहे. उत्तराची वाट बघतोय."