चौथं माप

डोंगराच्या उतारावर एक शहर वसलं होतं. त्या शहराच्या पेठा तीन, कारभारी तीन आणि बैलगाड्या घडवणारा सुतार मात्र एकच.

पेठांचे रस्ते दगडी होते. उतारावर गाड्या घसरू नयेत म्हणून फरशीत चाकोऱ्या खोदलेल्या होत्या. पण प्रत्येक कारभाऱ्यानं आपल्या चाकोरीचं माप मुद्दाम वेगळं ठेवलं होतं, दुसऱ्याची गाडी आपल्या हद्दीत शिरायला नको म्हणून. त्यामुळे खालच्या पेठेतून वरच्या पेठेतल्या वैद्याकडे जायचं, तर माणसाला वाटेत दोनदा उतरावं लागे आणि दोनदा नव्या गाडीची वाट बघत उन्हात ताटकळावं लागे.

लोकांची ओरड राजाच्या कानावर गेली. त्यानं खजिन्यातून मोठी रक्कम मंजूर केली आणि हुकूम सोडला, "गाड्या वाढवा. लोकांचे हाल थांबवा."

रकमेचे लगेच तीन वाटे झाले. तिन्ही कारभारी एकामागून एक सुताराच्या दारात आले. प्रत्येकाला आपापल्या मापाच्या तीस गाड्या हव्या होत्या.

नव्वद गाड्या! सुतार हरखून गेला. एवढं काम त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मापं घ्यायला पेठांच्या हद्दीवर गेला. तिथे एक बाई तापानं फणफणलेल्या सासऱ्याला एका गाडीतून उतरवून घेत होती. पुढची गाडी अजून आली नव्हती. सुतारानं म्हाताऱ्याला आधार देऊन सावलीत बसवलं आणि म्हणाला, "थोडे दिवस कळ काढा, बाई. नव्वद नव्या गाड्या येतायत."

बाईनं पदरानं घाम पुसला. "त्यातली एक तरी ही हद्द ओलांडेल का हो, दादा?"

सुतारानं मापाची दोरी परत गुंडाळली. मापं न घेताच तो घरी परतला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"चाकोरी एकच असली, तर चाळीस गाड्यांत सगळ्या शहराचं भागेल. पण हे मी सांगितलं, तर आपलं निम्म्याहून जास्त काम जातं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर नव्वद गाड्या होतील आणि लोक तिथेच उतरत राहतील."

बायको म्हणाली, "उद्या त्या बाईला तोंड दाखवता येईल, असं करा."

सुतारानं तिन्ही कारभाऱ्यांना काम करणार नाही म्हणून सांगितलं. तिघंही भडकले. आजवर कधी एका ठिकाणी न बसलेले ते तिघं त्याची तक्रार घेऊन दरबारात मात्र एकत्र पोचले.

राजानं सुताराला बोलावलं. त्यानं सगळं सांगितलं, चाळीस गाड्यांचा हिशेबही.

"मग एकच माप ठरवा," राजा म्हणाला.

"माझं!" तिन्ही कारभारी एकदम ओरडले.

"कुणाचंच नको, महाराज," सुतार म्हणाला. "तिन्ही मापं मोडा आणि चौथं घ्या. रस्ते तिघांचेही उकरले जातील, म्हणजे कमीपणा कुणालाच येणार नाही."

राजाला ते पटलं. "रकमेचे वाटे परत आणा," तो म्हणाला. "सगळा पैसा एकाच पेटीत राहील. पेटीला तीन कुलपं असतील आणि प्रत्येकाकडे एक किल्ली. तिघं एकत्र बसाल तेव्हाच ती उघडेल. आणि दरवर्षी प्रत्येक पेठ तिच्यात आपला वाटा घालील. नुसतं माझ्या खजिन्यावर भागवायचं नाही."

वरच्या पेठेचा कारभारी मान खाली घालून बसला. मधल्या पेठेचा मिशी चावू लागला. शेवटी खालच्या पेठेचा कारभारी उठला. "मग पहिली कुदळ माझ्या रस्त्यावर पडू द्या," तो म्हणाला.

आता मागे राहायची इतर दोघांना लाज वाटली. महिन्याभरात तिन्ही पेठांत छिन्नी-हातोड्यांचा खणखणाट सुरू झाला. किल्ल्यांच्या निमित्तानं तिघं दर आठवड्याला एकत्र बसू लागले. आधी भांडले, मग बोलू लागले.

पहिली गाडी निघाली त्या दिवशी सगळं शहर रस्त्याच्या दुतर्फा उभं होतं. गाडीत तिन्ही कारभारी दाटीवाटीनं बसले होते आणि सुतार मागून चालत होता. पहिली हद्द जवळ आली तसा तो वाकून चाकांकडे बघू लागला. चाकं हद्दीवरून सरळ पुढे गेली. धक्का नाही, खडखडाट नाही. मग दुसरी हद्दही मागे पडली आणि असा जल्लोष उठला, की बैल बिचकले! "सुतारदादांना वर घ्या!" लोक ओरडले. वरच्या पेठेच्या कारभाऱ्यानं स्वतः सरकून त्याला जागा करून दिली.

वर्ष सरायच्या आत नदीपलीकडच्या दोन गावांचे पाटील शहरात आले. त्यांनी वेशीवर विचारलं, "चौथं माप कुणाकडे मिळतं? आम्हालाही आमचा रस्ता तुमच्या रस्त्याला जोडायचा आहे."

तात्पर्य: प्रत्येकानं आपल्यापुरत्या गाड्या वाढवून लोकांचा प्रवास सोपा होत नाही; त्यासाठी मान बाजूला ठेवून एक माप धरावं लागतं आणि खर्चाचा भार मिळून उचलावा लागतो.