पोरीच्या लग्नापर्यंतची हमी

सत्तरीतले तात्यासाहेब आधी मिशीला कलप लावत, मग तिला पीळ देत आणि मगच भावकीचा न्याय करायला बसत. त्या दिवशी देवळात बैठक होती ती विधवा कुसुमच्या लग्नाची. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करता करता तिचा जीव मालकावर, पन्नाशी ओलांडलेल्या निंबाजीवर जडला होता. तिच्या पोरीचा झगा शिवताना निंबाजी खाली चार बोटं कापड दुमडून ठेवी, पोर वाढेल तसं उसवायला.

तात्यासाहेब म्हणाले, "निंबा, तुझी लाकडं मसणात गेली आणि तू मांडव घालतोस? पोरीचं लग्न होईस्तोवर जगशील अशी हमी दे. मगच परवानगी."

लोक हसले. निंबाजीची मान खाली गेली. कुसुमचा धाकटा दीर म्हादू मात्र ताडकन उठला. मेलेल्या भावाचा सदरा अजून त्याच्या अंगावर होता.

"निंबाकाका देतील हमी. पण ती पुरी झाली का, हे बघायला पोरीच्या लग्नात तुम्ही लागाल. तोवर असाल, एवढं देवासमोर सांगा."

तात्यांचा हात मिशीवरून खाली आला. "श्वासाचा भरवसा माणसानं कसा द्यावा?"

"मग काकांकडं कसा मागता? माझा दादा तिशीतच गेला. त्याच्या लग्नात पहिल्या अक्षता तुम्हीच टाकल्या. तेव्हा नाही मागितली हमी."

आता कुणी हसलं नाही. "करा बाबांनो लग्न," म्हणत तात्यासाहेब चपला शोधू लागले.

"गुरुवारी आहे, तात्या," म्हादू म्हणाला. "तेवढी हमी द्या, म्हणजे तुमचं पान मांडतो."