बोल्टची मिठी

गाड्यांचे भाग आपापसांत सुखदुःख बोलत, त्या काळची गोष्ट. एका जीपला एक म्हातारा बोल्ट होता. त्याने धरलेलं पत्र्याचं मडगार्ड एकदा घाटात ढिलं होऊन दरीत गेलं, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता.

त्या जागी फायबरचं नवं मडगार्ड आलं. बोल्टने त्याला पहिल्याच दिवशी करकचून धरलं.

"काका, जरा सैल धरा ना," मडगार्ड म्हणालं. "खड्ड्यात मला थोडं हलावं लागतं."

"हललंस की गेलंस, बाळा."

काही दिवसांनी मडगार्डवर, बोल्टच्या कडेलाच, केसाएवढा तडा दिसला. मालकाने तड्यात लांबीचा लगदा भरून वरून रंग मारला. तडा पुन्हा उमटला.

"काका, तो तुमच्यापासूनच सुरू होतोय," दोघांच्या मधला रबरी वायसर दबल्या आवाजात म्हणाला.

"माझ्यापासून? अरे, मी आहे म्हणून ते टिकलंय!"

तडा लांबत गेला, तसा बोल्ट आणखीच आवळत गेला. मडगार्डने बोलणं सोडलं.

शेवटी एका साध्या गतिरोधकावर ते तुटून रस्त्यात पडलं. जीप पुढे निघून गेली. बोल्टच्या मिठीत तळहाताएवढा तुकडा तेवढा उरला होता.

"घाबरू नकोस, बाळा," बोल्ट त्याला म्हणत राहिला, "मी तुला सोडलेलं नाही."